फ्रेंच राजांच्या फरासखान्याची रोजकीर्द

जुन्या फ्रेंच सामानाच्या संग्राहकांत नेहमीं उपस्थित होणारा प्रश्न असा कीं, अमुक मेज किंवा खुर्ची राजवाड्यांतील म्हणून सांगतात, त्यास आधार काय? घराण्यांतील दंतकथा किंवा विक्रेत्याचा शब्द हा आधार नव्हे. खरा आधार एका दफ्तराचा आहे, व हस्तलिखितें जमविणाऱ्या वाचकांस त्याचा परिचय करून देणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

चौदाव्या लुईच्या कारकीर्दींत, कोल्बेर हा मुख्य कारभारी असतां, राजाच्या फरासखान्यास नवी शिस्त लागली आणि इ. स. १६६६ पासून तेथें रोजकीर्द सुरू झाली. सामान दाखल झालें कीं तारीख, पुरवठा करणाऱ्या कारागिराचें नांव, वर्णन, मोजमाप व तें कोणत्या वाड्यांत, कोणाच्या दालनासाठीं गेलें, हें लिहून अनुक्रमांक पडे. तोच अंक सामानाच्या पाठीवर किंवा तळाशीं रंगानें घालीत. मापें तत्कालीन फ्रेंच फुटांत आहेत. हा फूट सुमारें ३२·५ सेंटिमीटरांचा, म्हणजे इंग्रजी फुटाहून मोठा. हें ध्यानांत न घेतल्यास पडताळा सपशेल चुकतो.

या नोंदींचें मोल किती तें एका उदाहरणावरून कळेल. पंधराव्या लुईच्या व्हर्साय येथील शय्यागृहासाठीं १७३९ सालीं खणांचें एक बुटकें कपाट तयार झालें. फ्रेंच लोक यास ‘कॉमोद’ म्हणतात. त्यावरील सोनेरी मुलाम्याच्या पितळकामावर काफिएरीची सही आहे. सुतारानें आपला शिक्का मारावा हा पॅरिसच्या श्रेणीचा नियम १७४३ चा, म्हणून लाकूडकाम कोणाचें हें वस्तूवरून कळावयाचें नाहीं; तें गोद्रो याचें, हें रोजकीर्द सांगते. १७७४ त राजा वारल्यावर शय्यागृहाच्या मानकऱ्याचा हक्क म्हणून तें द्युक द’ओमों याजकडे गेलें. आज तें लंडनच्या वॉलेस संग्रहांत आहे.

राज्यक्रांतींत मात्र सर्वच पांगलें. व्हर्सायच्या सामानाचा लिलांव २५ ऑगस्ट १७९३ रोजीं सुरू होऊन जवळजवळ वर्षभर चालला. विक्रीच्या बाबी १७,००० हून अधिक भरल्या. पुढें इंग्लंड-स्कॉटलंडच्या उमरावांनीं हें सामान आवडीनें जमविलें. मारी आंत्वानेत राणीसाठीं रीझनेर यानें १७८३ च्या सुमारास केलेलें जपानी लाखकामाचें लेखनकपाट व त्याचें जोडकपाट हॅमिल्टनच्या ड्यूकांकडे होतें. १८८२ त त्यांच्या संग्रहाचा लिलांव झाला, आणि अखेर १९२० मध्यें व्हँडरबिल्ट यांच्या मृत्युपत्रान्वयें हीं दोन्ही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आलीं. एका ड्यूकानें जमवावें व दुसऱ्यानें विकावें, हें आपल्याकडील जहागिरदारांच्या पोथ्यांसही चुकलें नाहीं!

येथवर दफ्तराचा उपयोग झाला. त्याचा दुरुपयोगही होतो. ज्या नोंदीवरून अस्सल वस्तु ओळखतां येते, तिच्यावरूनच कोणती वस्तु बेपत्ता आहे हेंही कळतें, आणि बनावट करणारास तेवढें पुरतें. मादाम द्यु बारी हिच्या म्हणून विकलेल्या खुर्च्यांचें प्रकरण २०१६ सालीं उघडकीस आलें. तत्पूर्वीं खुद्द व्हर्सायच्या संग्रहालयानें अशा खुर्च्या खरेदी केल्या होत्या. आरोपींपैकीं एकजण अठराव्या शतकांतील आसनांचा नामांकित जाणकार होता, दुसरा कुशल कारागीर. २०२५ त पोंत्वाझच्या न्यायालयानें दोघांसही दोषी ठरविलें.

यास्तव नुसत्या अंकावर किंवा छापेवर विसंबूं नये. सनदेवर मोर्तब आहे म्हणून कागद, शाई व अक्षराचें वळण न पाहतां ती कोणी स्वीकारीत नाहीं, तसेंच येथें. अंक, वर्णन व मोजमाप हीं तिन्ही जुळलीं तरी खुर्ची उलटी करून पहावी. दोनशें वर्षांत गादी अनेक वेळां बदलली असेल, तर चौकटीच्या लाकडांत खिळ्यांच्या भोंकांच्या ओळींवर ओळी आढळतात.