लढाईच्या आदल्या रात्री

लढाईच्या आदल्या दिवशी सेनापती आपल्या माणसांशी काय बोलला, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. या भाषणांचा अभ्यास मात्र एका अगदी साध्या प्रश्नापासून सुरू होतो: ते ऐकले कुणी आणि लिहून ठेवले कुणी? या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने हा प्रश्न हाताशी ठेवावा, एवढीच माझी विनंती.

१९९३ साली मोगेन्स हेर्मान हान्सेन या डॅनिश अभ्यासकाने प्राचीन इतिहासग्रंथांतली अशी भाषणे ही मुख्यतः लेखकांची रचना आहे, असे मांडले. हजारो माणसांची लांबलचक फळी. एका माणसाचा आवाज तिच्या टोकापर्यंत पोहोचणार कसा? फार तर सेनापती फळीपुढून जात जागोजागी चार शब्द बोलत असेल. डब्ल्यू. केंड्रिक प्रिचेट यांनी याला ठाम विरोध केला. दोघांचेही लेखन वाचावे. माझा कल हान्सेनकडे आहे.

याचे कारण ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजच्या ग्रंथातच सापडते. आपल्या ग्रंथातली भाषणे शब्दशः नाहीत, हे तो स्वतःच सांगतो. इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सचे आरमार सिराक्यूजच्या बंदरात कोंडले गेले होते. निर्वाणीच्या लढाईआधी सेनापती निकियस रीतसर भाषण करतो, पण त्याचे समाधान होत नाही. मग तो एकेका जहाजाच्या नायकाला त्याच्या नावाने, बापाच्या नावाने हाक मारतो आणि बायकामुलांची, पूर्वजांच्या देवांची आठवण करून देतो. अशा वेळी तेच ते जुने बोलायला माणूस संकोचत नाही, असे थ्युसिडिडीज म्हणतो. तो तेव्हा हद्दपारीत होता, त्यामुळे हे त्याने पाहिलेले नाही. तरीही मला हा तुकडा भाषणापेक्षा खरा वाटतो. नुसते वक्तृत्वच दाखवायचे असते, तर सेनापतीची ही घालमेल लिहायची गरज नव्हती.

५ जून १९४४च्या संध्याकाळीही असेच काहीसे घडले. नॉर्मंडीवर उतरणाऱ्या सैन्यासाठी सरसेनापती आयझेनहॉवरचा संदेश छापून तयार होता. पण ग्रीनहॅम कॉमनच्या विमानतळावर तो छत्रीधारी सैनिकांत मिसळला, तेव्हा त्याने गाव कोणते ते विचारले आणि मिशिगनच्या एका तरुण अधिकाऱ्याशी तो तिकडच्या मासेमारीबद्दल बोलला. त्या अधिकाऱ्यानेच पुढे ही आठवण सांगितली.

मराठी वाचकाला मात्र पानिपताशी थांबावेच लागते. काशीराजाच्या वृत्तांतानुसार युद्धाच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारी १७६१ रोजी, सरदार आणि शिपाई सदाशिवरावभाऊंच्या डेऱ्यापाशी जमले. दोन दिवस पोटात अन्न नाही. असे तडफडून मरण्यापेक्षा गनिमावर तुटून पडू, काय व्हायचे ते होवो, असे त्यांचे म्हणणे होते. भाऊंनी ते मानले, विडे वाटले गेले आणि मरेपर्यंत लढायच्या शपथा झाल्या. इथे धीर खालून वर गेला आहे. सेनापतीच्या भाषणांवरच नजर ठेवणाऱ्या अभ्यासकाच्या हातून हे निसटते, आणि मला तर या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

काशीराज स्वतः त्या डेऱ्यापाशी नव्हता. तो शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे समोरच्या छावणीत होता, आणि त्याने लिहिले ते फारसीत, बऱ्याच वर्षांनी. पण तो मूळचा दख्खनी ब्राह्मण. तहाची बोलणी त्याच्यामार्फत चालत, आणि भाऊंचे शेवटचे पत्रही आपल्यालाच आले, असे तो सांगतो. मराठी छावणीतली बातमी त्याच्यापर्यंत कोणत्या वाटांनी पोहोचू शकत होती, हे त्याच्या मजकुरातूनच शोधता येते. भाऊसाहेबांची बखर शेजारी उघडी ठेवून त्याची ती पाने वाचावीत, आणि डेऱ्यापाशी कोण काय बोलले याच्या दोन्ही हकिकती ओळीने ताडून पाहाव्यात. मराठी आणि फारसी या दोन्ही भाषा येणाऱ्या अभ्यासकांची या कामी फार गरज आहे.