काटोल : सीमा गावाकडे चालत आली, त्याची गोष्ट

सीमेवरचे गाव म्हटले की डोळ्यांसमोर जैसलमेरची वाळू आणि तारेचे कुंपण येते. नागपूरच्या पश्चिमेला, संत्र्यांच्या बागांमध्ये वसलेले काटोलही सीमेवरचेच, हे पटकन पटत नाही. परंतु गेल्या सव्वादोनशे वर्षांत या गावाभोवतीच्या सीमा पुनःपुन्हा आखल्या गेल्या. गावाने मात्र जाम नदीचा काठ सोडला नाही.

गाव कोणी वसवले, असे विचारले तर चंद्रहास राजाची कथा ऐकायला मिळते. काटोल म्हणजे त्याचे कुंतलपूर. जैमिनीय अश्वमेधातला हा राजा कुंतल देशाचा. आणि इतिहासाला ज्ञात असलेला कुंतल दूर दक्षिणेत, कर्नाटकाच्या बाजूला. मग कथा इथे का रुजली? मला वाटते, उत्तर काटोलच्या चंडिकेच्या जुन्या दगडी देवळात आहे. चंद्रहासाला कपटाने मारण्याचा बेत चंडिकेच्याच देवळात घडायचा असतो. देऊळ आधीपासून होते, त्याला साजेशी कथा गावाने आपलीशी केली. स्थापनेचा हा पुरावा नव्हे. आपण जुने आहोत, हा गावाचा दावा आहे.

पुढे देवगडचे गोंड राजे आले, अठराव्या शतकात नागपूरकर भोसले आले. भोसल्यांचा अंमल वर्धा नदीवर थांबत नव्हता. पलीकडच्या वऱ्हाडात निजाम आणि भोसले दोघेही महसूल घेत. या व्यवस्थेला दुअमली म्हणत. रयतेला तिचा जाच झाला असणार, पण नदी ही तेव्हा राज्याची कड नव्हती.

ती झाली १८०३ मध्ये. अडगावची लढाई हरली, गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. काटोलची जाम नदी जलालखेड्याजवळ वर्धेला मिळते. म्हणजे गावाचे पाणी जिथे जाऊन पोहोचते, तिथे आता दुसऱ्याचे राज्य सुरू झाले.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्याच वर्षी तिसरे रघुजी वारले आणि १८५४ मध्ये नागपूरही खालसा झाले. दोन्ही काठांवर एकच सत्ता आली, तरी सीमा पुसली गेली नाही, आणि ही गोष्ट राजांच्या तारखांहून महत्त्वाची आहे. काटोलकडे मालगुजारी पद्धत : गावाचा सारा मालगुजार भरणार, कुळे त्याच्या हाताखाली. पलीकडे वऱ्हाडात रयतवारी : शेतकरी आपल्या खात्याचा सारा स्वतः सरकारला देणार. माती तीच काळी, पीक तेच कापूस, भाषाही जवळपास तीच. पण शेतकऱ्याचा जमिनीवरचा हक्क नदी ओलांडताच बदलत असे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले, तेव्हाही हा भेद राहिला. मालगुजारी संपली ती १९५१ मध्ये.

रेल्वेनेही काटोलला बराच काळ बाजूला ठेवले. १८६७ मध्ये मुंबईहून नागपूरला आलेली गाडी वर्ध्यावरून आली. काटोलला रूळ लाभले ते १९२० च्या दशकात, इटारसी मार्गामुळे.

मग सीमा उत्तरेला उगवली. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचवले होते. ते झाले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे आठही जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. हिशेब साधारणपणे जिल्हानिहाय होता. छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याची सौंसर तहसील, तिच्यातल्या पांढुर्ण्यासह, मराठी बोलत असूनही तिकडेच राहिली. काल शेजारचा जिल्हा असलेला मुलूख काटोलकरांसाठी परराज्य झाला.

२०२३ मध्ये मध्य प्रदेशाने पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा केला. काटोलहून इटारसीकडे निघालेली गाडी नरखेड सोडून तिथे पोहोचते, तेव्हा राज्य बदललेले असते. डब्यातली मराठी अजून चालूच असते.