स्ट्रूप परिणाम

शब्दाचा अर्थ आणि तो शब्द ज्या रंगात छापलेला आहे तो रंग यांत विरोध असल्यास रंगाचे नाव सांगण्यास लागणारा वेळ वाढतो. या घटनेस अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप (१८९७–१९७३) यांच्या नावावरून ‘स्ट्रूप परिणाम’ म्हणतात. उदा., ‘तांबडा’ हा शब्द हिरव्या शाईत छापून शाईचा रंग विचारल्यास वाचता येणारी व्यक्ती अडखळते. कित्येकदा ‘तांबडा’ असेच म्हणून जाते. वाचावयाचे नाही असे ठरवूनही वाचन टाळता येत नाही, हे या परिणामाचे मर्म होय.

प्रतिक्रियाकालाच्या पद्धतशीर मापनास डच शरीरक्रियावैज्ञानिक फ्रान्सिस डाँडर्स यांच्या संशोधनाने (१८६८) चालना मिळाली. व्हिल्हेल्म व्हुंट यांनी १८७९ मध्ये लाइपसिक येथे मानसशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन केली. त्यांचे शिष्य जेम्स मकीन कॅटेल यांना १८८६ च्या सुमारास असे आढळले, की शब्द वाचण्यापेक्षा रंगांची व वस्तूंची नावे सांगण्यास अधिक वेळ लागतो. शब्द व त्याचा उच्चार यांचा संबंध सवयीने दृढ झालेला असतो. रंगाचे नाव मात्र प्रयत्नपूर्वक आठवावे लागते, अशी उपपत्ती त्यांनी मांडली.

स्ट्रूप यांनी हे दोन्ही उद्दीपक एकत्र आणले व आपले निष्कर्ष १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. काळ्या शाईतील १०० रंगनामे वाचण्यास सरासरी ४१ सेकंद लागले, तर विसंगत रंगांत छापलेली तीच नावे वाचण्यास ४३·३ सेकंद. शाईच्या रंगाचा वाचनावर फारसा परिणाम झाला नाही. उलट, १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगण्यास ६३·३ सेकंद लागले. पण चौकोनांऐवजी विसंगत शब्द ठेवताच हा काळ ११०·३ सेकंदांवर गेला. तिसऱ्या प्रयोगात काही दिवसांच्या सरावाने हा अडथळा घटला, परंतु नाहीसा झाला नाही. स्ट्रूप पुढे बायबलच्या अध्यापनाकडे वळले. त्यांच्या शोधाचे महत्त्व १९६० नंतर अवधानाच्या अभ्यासात विशेषत्वाने ओळखले गेले.

हा परिणाम वाचनाच्या अभ्यस्ततेवर अवलंबून असतो. निरक्षर बालकांत तो दिसत नाही. वाचन नुकतेच शिकणाऱ्यांत तो अल्प असतो, प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेच्या सुमारास तो तीव्र होतो, प्रौढपणी कमी होतो व वार्धक्यात पुन्हा वाढतो. या दृष्टीने सातारा व सांगली या जिल्ह्यांचा शैक्षणिक इतिहास उद्‌बोधक आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून बहुजन समाजापर्यंत शिक्षण नेले. सातारा जिल्ह्यातच १९५९ मध्ये प्रौढ साक्षरतेची ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती राज्यभर पसरली. अक्षरओळख झालेली व्यक्ती एकेक अक्षर जुळवीत असते, तोवर शब्द तिच्या इच्छेविरुद्ध अर्थ प्रकट करीत नाही. वाचन अनायास होण्यास दीर्घ सराव लागतो. तो न मिळाल्यास नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे झुकतो. म्हणून साक्षरतावर्गाइतकेच महत्त्व नंतरच्या वाचनसाहित्यास व ग्रंथालयांस आहे.

पूर्वी दक्षिण सातारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालेल्या जिल्ह्यातील जत तालुक्यात मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते. अशा प्रदेशात बोलता येणारी भाषा व वाचता येणारी लिपी एकच असतील असे नाही. कन्नड बोलणाऱ्या, पण फक्त देवनागरी वाचणाऱ्या व्यक्तीस कन्नड लिपीतील विसंगत रंगनाम अडवू शकत नाही. दोन्ही भाषा वाचणाऱ्यांच्या बाबतीत, शब्द एका भाषेत व उत्तर दुसऱ्या भाषेत असले तरी अडथळा येतो. मात्र तो एकाच भाषेतील अडथळ्याहून सामान्यतः कमी असतो, असे अन्यत्र झालेल्या द्वैभाषिक प्रयोगांवरून दिसते.

मेंदूच्या, विशेषतः ललाटखंडाच्या, विकारांत अवधान व आत्मनियंत्रण तपासण्यासाठी या कसोटीचा उपयोग करतात. तथापि तिचे गुणांक काढताना व्यक्तीचे वय, शिक्षण व वाचनाची भाषा विचारात घेणे आवश्यक असते. अन्यथा अपुऱ्या वाचनसरावामुळे न आलेला अडथळा उत्तम अवधानाचे लक्षण मानला जाण्याचा संभव असतो.