कामठीच्या पलटणीचा बिल्ला

मौद्याजवळून वाहणारी कन्हान नदी वरच्या अंगास कामठीच्या छावणीवरून येते, हे येथील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु महार रेजिमेंटची दुसरी पलटण १९४१ सालच्या ऑक्टोबर महिन्यात ह्याच कामठीस उभी राहिली आणि रेजिमेंटच्या टोपीवरील पहिला बिल्ला ह्याच पलटणीतील एका कनिष्ठ अधिकाऱ्याने आखला, ही गोष्ट आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांस अपरिचित आहे. यास्तव ह्या बिल्ल्याचा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

त्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता आणि ‘महार’ हा शब्द. १ जानेवारी १८१८ रोजी भीमाकाठी कोरेगाव येथे मुंबई इलाख्याच्या देशी पायदळाची एक पलटण पेशव्यांच्या मोठ्या फौजेशी दिवसभर झुंजली. त्या पलटणीत महार शिपायांचा भरणा मोठा होता. १८२१ साली तेथे स्तंभाचा पाया घालण्यात आला. (कामठीची छावणीही त्याच साली वसली, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.) स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांपैकी २२ नावांच्या अंती ‘नाक’ हा प्रत्यय आहे व त्यावरून ते महार शिपाई होत हे ओळखू येते. तो विजय इंग्रजांचा होता, त्याचे कौतुक आपण का करावे, असा आक्षेप कित्येक जण घेतात. आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि ज्यांची नावे गावच्या दप्तरात वेठ आणि बलुते ह्यांपुरतीच उरत, त्यांची नावे दगडावर मानाने कोरली गेली, हे आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभास वंदन करण्यास गेले, ते काही कंपनी सरकारच्या प्रेमापोटी नव्हे.

एवढे शौर्य गाजवूनही १८९२ पासून सैन्याचे दार महारांस बंद झाले. ‘लढाऊ जाती’ कोणत्या ह्याविषयी इंग्रज अधिकाऱ्यांनी जे मत बनविले, त्यात महारांस स्थान नव्हते. दार बंद झाले म्हणजे केवळ पगार बुडाला असे नव्हे. पलटणीबरोबर शिपायांच्या मुलांची शाळा असे, म्हातारपणी निवृत्तिवेतन असे आणि अंगावर गणवेश असताना मनुष्यास मान वर करून चालता येत असे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते, सैन्यातील शाळेत शिक्षकही होते. ती विद्या त्या घरी कोठून आली ह्याचा विचार करावा. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी १८९४ साली सरकारला द्यावयाचा अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे ह्यांनी पुन्हा मागणी मांडली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा कोठे १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली आणि १९२१ साली ती मोडण्यातही आली.

जुलै १९४१ मध्ये बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली व त्यांनी ही मागणी तेथे नेटाने लावून धरली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिली पलटण बेळगावास व दुसरी कामठीस उभी राहिली. पुढे आणखी दोन पलटणी निघाल्या. महायुद्धात कामठीची ही पलटण ब्रह्मदेशात व युद्धानंतर इराकात गेली.

ऑक्टोबर १९४६ मध्ये रेजिमेंट मशिनगन रेजिमेंट झाली, तिचे केंद्रही प्रथम कामठीसच स्थापन झाले आणि बिल्ल्यावर एकमेकींस छेदणाऱ्या दोन विकर्स तोफा आल्या. ही विकर्स तिवईवर बसवावी लागे. नळीभोवतीच्या पत्र्याच्या आवरणात सुमारे चार लिटर पाणी भरीत, कारण मिनिटास साडेचारशेच्या वर गोळ्या सुटत व नळी तापे. काडतुसांचा कापडी पट्टा २५० काडतुसांचा असे. तोफ एकाच्या खांद्यावर, तिवई दुसऱ्याच्या, पाणी व पट्टे इतरांकडे, असा हा सांघिक संसार होता. मशिनगनवाल्यांच्या तुकड्या दुसऱ्यांच्या पलटणींस जोडून देत, त्यामुळे लढाईचे नाव बहुधा त्या पलटणीचे होई, हेही येथे सांगितले पाहिजे. तरी जम्मू-काश्मीरच्या १९४८ मधील लढाईत नाईक कृष्णा सोनावणे ह्यांस महावीरचक्र मिळाले. त्यापूर्वी फाळणीच्या वेळी रेजिमेंटच्या तीन पलटणी पंजाबात निर्वासितांच्या रक्षणास होत्या.

स्वातंत्र्यानंतर बिल्ल्यावरील स्तंभ गेला व त्याच्या जागी खंजीर आला. पेशव्यांवरील विजयाचे चिन्ह स्वतंत्र भारताच्या सैन्याने मिरवावे काय, हा प्रश्न समजण्यासारखा आहे. परंतु ज्या खुणेच्या आधारे आपल्या वाडवडिलांनी हक्क मागितला तीच निघाली, ह्याचे शल्य आम्हांस वाटते व ते लपविण्याचे कारण नाही.

रेजिमेंटचे ‘महार’ हे नाव मात्र राहिले. हळूहळू तिच्यात सर्व प्रांतांचे व सर्व जातींचे जवान आले. १९५६ साली बॉर्डर स्काउट्सच्या तीन पलटणी तिच्यात सामील झाल्या. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास आपल्या समाजाने धम्मदीक्षा घेऊन ते जुने नाव मागे ठेवले. म्हणजे ज्यांचे नाव त्यांनी टाकले, आणि ज्यांचे नव्हते त्यांनी ते अभिमानाने धारण केले! १९७१ च्या युद्धात महावीरचक्र मिळविणारा शिपाई अनुसूया प्रसाद गढवालचा. १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडून परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे ८ महारचे, तमिळ घराण्यातील. जनरल कृष्ण राव व जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापती ह्याच रेजिमेंटचे. विकर्स तोफा पलटणींतून केव्हाच गेल्या, पण बिल्ल्यावर त्या अद्याप आहेत. ‘यश सिद्धि’ हे ब्रीद व ‘बोलो हिंदुस्तान की जय’ ही रणगर्जना कायम आहे. केंद्र आता मध्य प्रदेशात सागर येथे आहे.

ज्या कुटुंबांत कोणी ह्या रेजिमेंटमध्ये होते, त्यांनी जुनी पेटी एकदा उघडून पाहावी. बिल्ल्यावर नुसता स्तंभ व नाव असेल तर तो १९४१ ते १९४६ ह्या काळातील समजावा; तोफांसह स्तंभ असेल तर त्यानंतरच्या अल्प काळातील, आणि असे बिल्ले थोडेच असणार; खंजीर असेल तर स्वातंत्र्यानंतरचा. सोबत सेवामुक्तीचा कागद सापडल्यास त्यावरील पलटणीचा आकडा वाचावा. तो २ असेल तर ती आपल्या नदीकाठी उभी राहिलेली पलटण होय.