बास्केटबॉल कार्डसंग्रह

बास्केटबॉलपटूंची छापील कार्डे हंगामवार जमवण्याचा छंद. कार्डाच्या पुढच्या बाजूस खेळाडूचे छायाचित्र असते. मागच्या बाजूस त्याची उंची, वजन, संघ आणि आधीच्या हंगामांतील सामने, गुण, रिबाउंड, असिस्ट यांचा तक्ता असतो. कार्डाचे रूढ माप ६३.५ × ८९ मिमी., म्हणजे साधारण खेळायच्या पत्त्याएवढे. कार्डे दर हंगामाला नवी निघतात व बंद पाकिटांतून विकली जातात. पाकिटात कोण निघेल हे ते फोडेपर्यंत कळत नाही; त्यामुळे काही कार्डे दोनदोनदा, तीनतीनदा हाती येतात आणि हवी ती राहून जातात. ही अडचण अदलाबदलीने सुटते, आणि या छंदातल्या ओळखी व मैत्रीही तिच्यातूनच जुळतात. महाराष्ट्रात हा छंद अलीकडचा आहे. रायगड जिल्ह्यातील पेण, रोहा यांसारख्या कोकणातील गावांत संग्राहकाला जमवाजमवीच्या जोडीने पावसाळी दमट हवेचाही बंदोबस्त करावा लागतो.

इतिहास

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉल सुरू केला. व्यावसायिक बास्केटबॉलपटूंचा पहिला महत्त्वाचा संच बोमन कंपनीने १९४८ मध्ये काढला. त्यात ७२ कार्डे होती. जॉर्ज मायकन याचे ६९ क्रमांकाचे कार्ड त्यांतले सर्वांत मोलाचे ठरले. पुढचा मोठा संच टॉप्स कंपनीचा, १९५७-५८ चा, ८० कार्डांचा. बिल रसेलचे पहिले कार्ड त्यात आहे. त्यानंतर फ्लीअर कंपनीने १९६१-६२ मध्ये ६६ कार्डे काढली. विल्ट चेंबरलेन, ऑस्कर रॉबर्टसन आणि जेरी वेस्ट या तिघांची पहिली कार्डे या एकाच संचात आली. हे तिन्ही प्रयत्न एकेका हंगामात थांबले. सलग वार्षिक संचांची परंपरा टॉप्सने १९६९-७० मध्ये उंच आकाराच्या ९९ कार्डांनी सुरू केली. ती १९८१-८२ पर्यंत टिकली.

यानंतरची काही वर्षे दुकानातील पाकिटांतून बास्केटबॉलची कार्डे मिळत नव्हती. १९८६-८७ मध्ये फ्लीअरने १३२ कार्डांचा संच काढला. पाकिटात १२ कार्डे, एक स्टिकर आणि च्युइंगम असे. कार्डांचे क्रमांक खेळाडूंच्या आडनावांच्या इंग्रजी वर्णानुक्रमाने दिले होते. त्यानुसार मायकल जॉर्डनला ५७ वा क्रमांक मिळाला. जॉर्डन व्यावसायिक खेळात १९८४ मध्ये आला होता, तरी पाकिटांतली विक्री मधल्या काळात बंद असल्याने दोन वर्षांनंतरचे हे कार्डच त्याचे पदार्पणाचे कार्ड म्हणून रूढ झाले. त्यावर जॉर्डन चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावलेला दिसतो आणि भोवती लाल, पांढरी, निळी चौकट आहे. चौकट रंगीत असल्यामुळे कड किंचित जरी झिजली तरी आतला पांढरा कागद डोकावतो. म्हणून या संचाच्या निर्दोष प्रती कमी उरल्या आहेत.

१९८९ नंतर हूप्स, स्कायबॉक्स, अपर डेक या नावांनी कार्डांचा पूर आला. छपाई इतकी झाली, की त्या काळची बहुतेक साधी कार्डे आजही स्वस्तात मिळतात. या अनुभवातून कंपन्या मोजक्या प्रतींकडे वळल्या. टॉप्सच्या फायनेस्ट या १९९३-९४ च्या संचात इंद्रधनुषी चमक असलेली ‘रिफ्रॅक्टर’ कार्डे आली. १९९६-९७ मध्ये टॉप्स क्रोम निघाले. कोबी ब्रायंटचे गाजलेले पदार्पणाचे कार्ड त्यातलेच. खेळाडूने वापरलेल्या जर्सीचा तुकडा बसवलेली कार्डे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. २००९ मध्ये राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने (एनबीए) एकमेव परवाना इटलीतील पानिनी कंपनीला जाहीर केला. तिचा प्रिझम हा संच २०१२-१३ पासून निघू लागला. २०२५-२६ च्या हंगामापासून हा परवाना फॅनॅटिक्सच्या मालकीच्या टॉप्सकडे गेला.

कार्डांचे प्रकार

संचाचा पाया म्हणजे ‘बेस’ कार्डे. ती सलग क्रमांकाची असतात व तुलनेने सहज मिळतात. खेळाडूच्या पहिल्या हंगामातील कार्डाला ‘रूकी कार्ड’ म्हणतात. अलीकडच्या संचांत त्यावर तशी खूण छापतात. वेगळ्या मांडणीची, स्वतंत्र क्रमांकाची कार्डे म्हणजे ‘इन्सर्ट’. बेस कार्डाचीच रंग बदललेली आवृत्ती ‘पॅरलल’ होय. तिच्यावर अनेकदा एकूण किती प्रती छापल्या आणि हातातली कितवी आहे हे अंकांत नोंदलेले असते. प्रिझम संचातील सोनेरी पॅरलल दहा प्रतींचे, तर काळे एकाच प्रतीचे असते. याखेरीज खेळाडूची स्वाक्षरी असलेली ‘ऑटोग्राफ’ आणि जर्सीचा तुकडा असलेली ‘पॅच’ कार्डे असतात. कार्डाची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे ‘पॉइंट’मध्ये मोजतात. साधे कार्ड २० ते ३५ पॉइंट असते. पॅच कार्ड १३० पॉइंटपर्यंत, म्हणजे सुमारे ३.३ मिमी. जाड असू शकते.

हंगामाचे चक्र

एनबीएची नव्या खेळाडूंची निवड जूनमध्ये होते आणि हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो. प्रत्येक संघ ८२ साखळी सामने खेळतो. एप्रिलच्या मध्यापासून बाद फेरी सुरू होते व अंतिम मालिका जूनमध्ये संपते. कार्डेही याच ओघाने येतात : सुरुवातीला साधा संच, मग चमकदार कागदाचे संच, शेवटी महागडे आणि मोजक्या प्रतींचे संच. २०२५ च्या निवडीत डॅलस मॅव्हेरिक्सने कूपर फ्लॅगला पहिल्या क्रमांकावर घेतले. २०२५-२६ च्या संचांत त्यामुळे त्याच्या कार्डांना सर्वाधिक मागणी राहिली. संच बाजारात येताच भाव चढे असतात आणि अधिक पाकिटे फुटू लागली की साध्या कार्डांचे भाव उतरतात. थोडी कळ काढणाऱ्याला बेस संच कमी खर्चात पुरा करता येतो.

हे चक्र कोकणच्या वर्षाशी नेमके जुळते. पेण-रोह्याकडे भातकापणी आणि दिवाळीच्या सुमारास नव्या हंगामाची पहिली पाकिटे येतात. पुढचे सात-आठ कोरडे महिने पाकिटे फोडण्याचे, कार्डे लावण्याचे आणि देवाणघेवाणीचे. अंतिम मालिका संपते तेव्हा पावसाला तोंड फुटलेले असते आणि तोवर संच बंदिस्त झालेला असावा लागतो.

संच पूर्ण करणे

पाकिटांच्या भरवशावर संच का पुरा होत नाही, हे गणिताने दाखवता येते. १३२ कार्डांच्या संचात प्रत्येक कार्ड मिळण्याची शक्यता सारखी मानली, तर पहिली ६६ वेगवेगळी कार्डे मिळायला सरासरी ९१ कार्डे पुरतात. संपूर्ण संचासाठी मात्र सरासरी ७२१ कार्डे, म्हणजे बारा कार्डांची सुमारे ६० पाकिटे लागतात. शेवटच्या एका कार्डासाठीच सरासरी १३२ कार्डे उघडावी लागतात. दोघे-तिघे मित्र एकाच संचामागे असले तर एकाचे दुबार कार्ड दुसऱ्याची रिकामी जागा भरते आणि सर्वांचा खर्च बराच खाली येतो. म्हणून अनुभवी संग्राहक निम्मा-पाऊण संच झाला की पाकिटे थांबवतो, उरलेल्या क्रमांकांची यादी करतो आणि ती कार्डे अदलाबदलीने किंवा सुटी विकत घेतो. पाकिटातून मोठे कार्ड निघेल या आशेला अंत नसतो; विशेषतः मुलांनी हंगामाची रक्कम आधी ठरवून तेवढ्यातच खरेदी करणे हिताचे.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

जमवाजमव आणि अदलाबदल मराठी मुलांना नवी नाही. काडेपेटीचे छाप व सिगारेटची रिकामी पाकिटे जमवून त्यांवर डाव मांडण्याचा खेळ गावोगाव होता. १९८० च्या दशकात बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. १९९० च्या दशकात कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे शाळेच्या दप्तरांत शिरली : उंची, वजन, छाती, बायसेप्स, रँक यांपैकी एक आकडा पुकारायचा आणि सरस आकड्याने समोरच्याचे कार्ड जिंकायचे. पुढे टॉप्सच्या क्रिकेट अटॅक्सने तीच आवड क्रिकेटकडे वळवली. आकड्यांवरून खेळाडू पारखण्याची सवय या कार्डांनी लावली आणि बास्केटबॉल कार्डाची मागची बाजू वाचायला तीच सवय उपयोगी पडते.

बास्केटबॉलची ओळखही हळूहळू वाढली. भारतीय वंशाचा सिम भुल्लर ७ एप्रिल २०१५ रोजी सॅक्रामेंटो किंग्जकडून मैदानात उतरला. एनबीएत खेळलेला तो पहिला भारतीय वंशाचा खेळाडू. त्याच वर्षी पंजाबच्या सतनामसिंग भमाराची डॅलस संघाने ५२ व्या क्रमांकावर निवड केली. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले. भारतात झालेले एनबीएचे हे पहिले सामने. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी तो १३२–१३१ असा जिंकला. त्याला हजारो शालेय मुले प्रेक्षक म्हणून आली होती. ज्या खेळाडूला डोळ्यांनी खेळताना पाहिले त्याचे कार्ड हाती येण्याचा आनंद मुंबईच्या परिसरातील मुलांना त्या वेळी प्रथमच मिळू शकला.

दर्जा आणि किंमत

कार्डाचा दर्जा चार गोष्टींवर ठरतो : छपाई मध्यावर आहे की नाही, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. डावी चौकट ३ मिमी. आणि उजवी २ मिमी. असेल तर ते कार्ड ६०/४० समजतात. दोन्ही बाजू सारख्या असणे उत्तम. पीएसए (१९९१ पासून) किंवा बेकेट (१९९९ पासून) यांसारख्या संस्था शुल्क घेऊन कार्ड तपासतात, १ ते १० गुण देतात आणि ते पारदर्शक कवचात बंद करतात. या बंद कार्डाला ‘स्लॅब’ म्हणतात. नऊ आणि दहा गुणांच्या प्रतींच्या भावात कित्येक पटींचा फरक पडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये जॉर्डन आणि ब्रायंट या दोघांच्या स्वाक्षऱ्या व जर्सीवरील बोधचिन्हे असलेले २००७-०८ चे एकमेव कार्ड १ कोटी २९ लाख ३२ हजार डॉलरला गेले. तोवर क्रीडा कार्डाला मिळालेली ही सर्वाधिक किंमत होती. परदेशातून कार्ड मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच भाव ठरवावा लागतो.

महागड्या कार्डांच्या नकला निघतात. १९८६-८७ च्या जॉर्डनच्या कार्डाच्या सर्वाधिक. भिंगाखाली अस्सल कार्डावरचे चित्र रंगीत ठिपक्यांच्या नियमित नक्षीत दिसते, तर काळ्या रेघा व अक्षरे सलग, भरीव असतात. छायाचित्रावरून पुन्हा छापलेल्या नकलेत ही अक्षरेही ठिपक्यांची बनलेली दिसतात.

जपणूक

रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा हवेत कागद ओल धरतो व फुगतो. चमकदार कार्डात कागदावर धातुसदृश पातळ थर असतो. कागद फुगतो, थर फुगत नाही, म्हणून कार्ड धनुष्यासारखे वाकते. बुरशीचे ठिपके, एकमेकांना चिकटलेली कार्डे आणि कसर हे त्यापुढचे धोके.

उपाय साधे आहेत. कार्ड आधी मऊ पातळ पिशवीत, म्हणजे स्लीव्हमध्ये आणि मग कडक पारदर्शक कवचात, म्हणजे टॉपलोडरमध्ये घालावे. बेस संचासाठी नऊ कप्प्यांच्या पानांची वही सोयीची. १३२ कार्डांना अशी १५ पाने लागतात. पाने पॉलिप्रॉपिलीनची असावीत, कारण पीव्हीसीतून सुटणारी द्रव्ये कालांतराने छपाई बिघडवतात. रबरबँड कधीही लावू नये. तो कडा दाबतो आणि उन्हाळ्यात विरघळून चिकटतो. पेण पोह्या-पापडांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या घरांत पावसाळ्याची बेगमी ज्या घट्ट झाकणाच्या डब्यांत राहते, तसलेच डबे कार्डांनाही चालतात. डबा कडकडीत कोरड्या दिवशी, मे महिन्यात भरावा. त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलीने भरले असे समजावे. गरम करून वाळवले की ते पुन्हा निळे होतात. डबा बाहेरच्या भिंतीला व जमिनीला टेकवू नये आणि भर पावसात उघडू नये.

संग्रहासोबत नोंदवही असावी. हंगाम, संचाचे नाव, कार्ड क्रमांक, प्रतिसंख्या, दर्जा, मिळाल्याची तारीख, किंमत आणि कोणाकडून मिळाले एवढे रकाने पुरतात. दुबार कार्डांचे पान वेगळे ठेवले तर अदलाबदल सोपी होते. कार्ड विकताना, विम्यासाठी किंवा संग्रह दुसऱ्याच्या हवाली करताना हीच वही त्याचा पुरावा ठरते.