जोखीम कुणाच्या अंगावर? हॅझर्ड, रिस्क आणि त्यांचे भाऊबंद

ब्रिटनमध्ये तुम्ही केअर होममध्ये काम करा, शाळेत करा, गोदामात करा, नाहीतर मंडळाच्या गणपतीसाठी कौन्सिलचा हॉल बुक करा, रिस्क असेसमेंटचा तक्ता काही चुकत नाही. पहिल्या रकान्यात हॅझर्ड, पुढे कुणाला इजा होऊ शकते, त्यापुढे रिस्क. इंग्रजी येणारी माणसंही पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात तेच लिहून मोकळी होतात. मराठीत समजावायला जावं तर आपण दोन्हीकडे 'धोका' म्हणतो आणि समोरचा म्हणतो, मग दोन रकाने कशाला?

कायद्याच्या लेखी फरक सरळ आहे. ओली फरशी हा हॅझर्ड. तिच्यावरून कुणी घसरण्याची शक्यता किती आणि घसरलाच तर लागेल किती, ही रिस्क. रात्री दोन वाजता रिकाम्या कॉरिडॉरमधली ओली फरशी आणि सकाळी आठ वाजता काठी घेऊन न्याहारीला निघालेल्या आजोबांच्या वाटेतली ओली फरशी, हॅझर्ड एकच, रिस्क वेगळी. पॉडकास्टच्या या भागात आपण इथपर्यंत आलो आणि वेळ संपली. या शब्दांचा इतिहास मात्र राहून गेला. तो आता बघूया, कारण त्यात फरशीपेक्षा बऱ्याच मोठ्या गोष्टी आहेत.

हॅझर्ड हा मुळात फाशांचा खेळ. जुन्या फ्रेंचमध्ये 'हसार', तिथून इंग्रजीत. चॉसरच्या चौदाव्या शतकातल्या कथांमध्ये हा खेळ आणि त्यावरची टीका दोन्ही सापडतात. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या क्रॉकफर्ड क्लबात उमराव याच खेळावर इस्टेटी उधळत होते. अमेरिकेतला 'क्रॅप्स' हा त्याचाच वंशज. शब्द आला कुठून? बऱ्याच कोशांत अरबी 'अझ्-झह्र', म्हणजे फासा, असं उत्तर मिळतं. अडचण अशी की झह्रचा हा अर्थ मध्ययुगीन अरबीत नीट सापडत नाही, त्यामुळे सगळ्यांना ते पटलेलं नाही. धर्मयुद्धांचा इतिहास लिहिणाऱ्या विल्यम ऑफ टायरच्या ग्रंथाच्या फ्रेंच अवतारात तर हा खेळ सीरियातल्या एका किल्ल्यावर जन्मला आणि त्याचंच नाव त्याला पडलं अशी हकीकत आहे. ऐकायला छान, पण मला ती नंतर जुळवलेली वाटते. फ्रेंचमध्ये आजही 'हसार' म्हणजे नुसता योगायोग, पोर्तुगीजमध्ये 'अझार' म्हणजे दुर्दैव. (आपल्या 'आजारा'शी याचा संबंध नाही हो, तो फारसीतून आला.) धोका हा अर्थ पुढे आला इंग्रजीत. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचा वाक्प्रचार म्हणजे 'पणाला लावणे'. पण म्हणजे द्यूतात लावलेली रक्कम. तिथेही फासेच.

भाऊबंदही कमी नाहीत. 'जेपर्डी' फ्रेंच 'जू पार्ती'तून आला. अर्थ समसमान वाटला गेलेला डाव, बुद्धिबळातली कोडीही त्याच नावाने ओळखली जायची. 'पेरिल' लॅटिन 'पेरिकुलुम'मधून, म्हणजे आधी चाचणी, अनुभव. 'एक्स्पर्ट' त्याच घरातला. 'डेंजर' मात्र वेगळ्याच गल्लीतला. तो निघाला मालकीच्या, सत्तेच्या लॅटिन शब्दापासून. कुणाच्या डेंजरमध्ये असणं म्हणजे त्याच्या ताब्यात, त्याच्या मर्जीवर असणं. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या कोर्टाच्या प्रसंगात अँटोनिओ शायलॉकच्या डेंजरमध्ये आहे तो याच अर्थाने. सावकाराच्या खतावर अंगठा दिलेल्या कुळाला हा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

आता रिस्क. हा शब्द बाराव्या शतकात इटलीच्या बंदरांमधल्या, जिनोआ-पिसाच्या, नोटरींच्या दप्तरांत 'रेसिकुम' या रूपात दिसतो. उगम इथेही वादात. कुणी अरबी 'रिज्क' म्हणतं, तोच रिज्क जो उर्दूत रोजची भाकरी या अर्थाने येतो. कुणी ग्रीकमधून खडकाळ कड्याकडे नेतं. मला उगमापेक्षा तो वापरला कुठे जात होता हे महत्त्वाचं वाटतं. करारात प्रश्न एकच असायचा. माल बुडाला तर बुडाला कुणाचा? रेसिकुम कुणाच्या माथी? म्हणजे रिस्क ही पहिल्यापासून कुणाची तरी असते. ओली फरशी कुणाची नसली तरी चालेल, रिस्कला धनी लागतो.

भूमध्य समुद्रावर त्याआधीपासून सागरी कर्ज चालायचं. जहाज सुखरूप आलं तर मुद्दल आणि चढं व्याज, बुडालं तर कर्ज माफ. 1230 च्या दशकात पोप नववा ग्रेगरी याने असं व्याज म्हणजे सावकारी पाप ठरवलं. अनेक इतिहासकार म्हणतात की त्यामुळेच धोक्याची किंमत कर्जापासून वेगळी काढून विकायची वाट रुंद झाली आणि तिथून विमा उभा राहिला. जिनोआतला 1347 चा एक करार जुन्यात जुन्या सागरी विम्यांमध्ये मोजला जातो.

आपल्याकडे हा हिशोब नव्हता असं समजू नका. कौटिल्याने व्याजाचे दर दिलेत: साधारण कर्जाला महिना शेकडा सव्वा, व्यापाऱ्याला 5, रानातून माल नेणाऱ्याला 10, समुद्रावर जाणाऱ्याला 20. याज्ञवल्क्य स्मृतीतही रानाला 10 आणि समुद्राला 20 हेच आकडे आहेत. रिस्क हा शब्द नाही, पण दर बोलतोय.

आणि शब्द म्हणाल तर 'जोखीम'. आपण त्याचं नातं 'जोखणे'शी, म्हणजे वजन करण्याशी, सहज जोडतो. भाषाशास्त्रज्ञांनी सुचवलेली एक व्युत्पत्ती मात्र थेट संस्कृत 'योगक्षेम'पर्यंत जाते, मिळवलेलं सांभाळून ठेवणं या अर्थापर्यंत. मनुस्मृतीत व्यापाऱ्यावर कर बसवताना त्याचा योगक्षेमाचा खर्चही धरावा असं सांगितलंय, म्हणजे मालाच्या राखणीचा खर्च. भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हात गीतेच्या नवव्या अध्यायातला हाच शब्द आहे. व्युत्पत्ती खरी असेल तर सुरक्षेचा शब्द धोक्याचा झाला, आणि विमावाल्यांनी त्याला परत सुरक्षेकडे नेलं! मधला दुवा जुन्या बोलीत सापडतो. आजी म्हणायची ना, 'जवळ जोखीम आहे, रात्रीची जाऊ नकोस'? तिथे जोखीम म्हणजे दागिने, रोकड.

पश्चिम किनाऱ्यावर तर 'जोखमी हुंडी' नावाचा कागदच होता. समजा, बंदरातल्या व्यापाऱ्याने गलबतावर माल चढवला. मालाच्या किमतीची हुंडी त्याने मुंबईतल्या माल घेणाऱ्यावर काढली आणि तिथेच एखाद्या सराफाला विकून पैसे घेतले. अट अशी की हुंडीत लिहिलेलं गलबत पोचलं तरच मुंबईवाला पैसे देणार. बुडालं तर सराफाचे गेले. कर्ज, हुंडी आणि विमा एकाच कागदात. यावरचे तंटे एकोणिसाव्या शतकात मुंबई हायकोर्टात गेले आणि भारतातल्या कायद्याच्या पुस्तकांत ही हुंडी अजून शिकवतात. 'रिस्क' कुणी शिकवायच्या आधी आपल्या सराफांनी जोखीम कागदावर मांडली होती.

पण हे सगळं कौतुकाने वाचताना एक खटला विसरता येत नाही. 1781 साली झाँग नावाचं ब्रिटिश जहाज आफ्रिकेतून गुलाम घेऊन जमैकाला निघालं होतं. वाट चुकली, आणि पाणी पुरणार नाही असं कारण देत खलाशांनी 130 हून जास्त जिवंत माणसं समुद्रात फेकली. मालकांनी विमा मागितला, माणशी 30 पौंड. कारण विम्याच्या हिशोबात गुलाम आजाराने मेला तर नुकसान मालकाचं, पण 'समुद्राच्या पेरिल'पायी माल फेकावा लागला तर विमेवाल्याचं. 1783 मध्ये लंडनच्या ज्यूरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. लॉर्ड मॅन्सफील्डच्या कोर्टाने नव्या सुनावणीचा आदेश दिला खरा, पण खुनाचा खटला कुणावर चालला नाही. ओलाउदाह इक्वियानोने ही बातमी ग्रॅनव्हिल शार्पपर्यंत पोचवली आणि गुलामगिरीविरोधी चळवळीला ती पुरली. ज्यांचा जीव गेला त्यांचं नाव पॉलिसीत जोखीम पत्करणारे म्हणून नव्हतं. ते स्वतःच जोखीम होते, आजीच्या दागिन्यांच्या अर्थाने.

'अ‍ॅडव्हेंचर' हाही तेव्हा व्यापाराचाच शब्द. 1600 साली ईस्ट इंडिया कंपनीत पैसे घालणाऱ्यांना अ‍ॅडव्हेंचरर म्हणत, जरी त्यातले बरेचसे लंडनमधून हललेही नाहीत. आपला 'साहस' उलट दिशेने आला. धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीचा गुन्हा, राजाने दंड करायच्या अठरा प्रकरणांपैकी एक. मराठीत तो शौर्य झाला. कंपनीच्या बाबतीत जुना अर्थ ठेवायला हरकत नव्हती.

तर तक्त्याकडे. पहिल्या रकान्यात 'धोका' ठेवा, तो मराठी माणसाला घाटातल्या धोक्याच्या वळणापासून माहीत आहे. (हिंदीभाषक सहकारी असेल तर जपून, त्याच्या कानाला धोका म्हणजे विश्वासघात.) तिसऱ्यात 'जोखीम', आणि समजावताना 'किती' हा शब्द जोडा: धोका काय, जोखीम किती. उरला मधला रकाना, कुणाला इजा होऊ शकते. तिथे लोक बहुधा 'सर्व कर्मचारी' असं लिहून टाकतात. रात्रपाळीला एजन्सीतून आलेल्या बाईचं काय, फरशी पुसणाऱ्याचं काय, हे तिथेच विचारायचं असतं.