पत्ता आहे, मालक कोण?

भाषांतर म्हटले की आपल्याला कथा-कादंबऱ्या आठवतात. मी संगणकाचे प्रोग्राम एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेतो. या कामातही जे लिहिलेले नसते, तेच सर्वांत जास्त अडते.

डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास सी भाषा घडवली. केन थॉम्प्सन यांनी त्या वर्षी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यात लिहून पाहिली आणि तो प्रयत्न सोडून दिला. तेव्हा सीमध्ये 'स्ट्रक्चर' नव्हते. स्ट्रक्चर म्हणजे छापील अर्जासारखी नोंद : नाव, वय, खाते क्रमांक असे निरनिराळे रकाने एकत्र. १९७३ मध्ये ही सोय आली आणि त्याच उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा सीमध्ये लिहून झाला.

या अर्जातला एखादा रकाना 'पॉइंटर'चा असतो. त्यात माहिती नसते, ती मेमरीत कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता असतो. युनिक्सच्या पहिल्या पीडीपी-११ यंत्राची मेमरी होती अवघी २४ किलोबाइट. तिथे तीच माहिती दोनदा उतरवण्यापेक्षा पत्ता देणे परवडे.

पण नुसत्या पत्त्यावरून काय कळणार? तिथे एक घर आहे की शंभर खोल्यांची चाळ? घर उभे आहे की पाडले? दोघांकडे एकच पत्ता असेल, तर पाडायचे कोणी? ही उत्तरे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्यात असत. फार तर शेजारी एखादे टिपण असे.

१९९५ मध्ये जावा आली. तिने पत्त्यांची बेरीज-वजाबाकी बंद केली, पाडण्याचे काम स्वतःकडे घेतले; रिकामा पत्ता मात्र ठेवला. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेली रस्ट भाषा याहून कडक. वस्तू एकट्याच्या मालकीची असेल तर 'बॉक्स', वाढती रांग असेल तर 'व्हेक', सामायिक असेल तर 'आरसी', आणि नसण्याची शक्यता असेल तर 'ऑप्शन', असे आधीच लिहून द्यावे लागते. सीमधल्या पॉइंटरच्या एका ओळीवरून यातले काय निवडायचे ते कळत नाही. त्यासाठी सारा प्रोग्राम वाचावा लागतो. आपोआप भाषांतर करणारी साधने आहेत. पण ती बहुधा पॉइंटर तसाच उतरवून त्यावर 'अनसेफ' असा शिक्का मारतात.

एवढा खटाटोप कशासाठी? मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले, की आपण दरवर्षी दुरुस्त करतो त्या सुरक्षात्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकीच्या हाताळणीतून येतात. २०२४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संशोधन संस्थेने सीमधले प्रोग्राम रस्टमध्ये आपोआप नेण्यासाठी खास प्रकल्प जाहीर केला.

यंत्रे या कामात हुशार होत जातील. पण घराचा मालक कोण, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे एकेक करून निवृत्त होत आहेत. जुने प्रोग्राम सांभाळणाऱ्या प्रत्येक कचेरीला म्हणूनच माझे सांगणे आहे : ती माणसे आहेत तोवर त्यांना विचारा, आणि लिहून ठेवा.